माळ्यावरची हेल्मेटं

निगडी प्राधिकरण,
५ फेब्रुवारी २०२५

चि. निरंजन,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पुढच्या मजकुरात त्यांना जागा मिळेलसं दिसत नाही.

काल तुमच्या चाकणच्या घरी हळदीकुंकवाला आले होते. तू सेकंड शिफ्टला होतास ते बरंच झालं. समोर असतास तर "हो ताई, हो ताई" करत निसटला असतास, आणि माझ्या कानातल्या यंत्राला त्यातलं निम्मंच कळलं असतं. फोनवर तर हल्ली सगळी माणसं पिंपात बसून बोलल्यासारखी ऐकू येतात. म्हणून पत्र. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, पत्रात मुद्दा लवकर यावा. तर मुद्दा असा: तुमच्या माळ्यावर इतकी हेल्मेटं कशासाठी?

वर्षाली वाणाचे डबे काढायला स्टुलावर चढली आणि माळ्याचा पडदा सरकला. मागे रांगेने हेल्मेटं, मुंडकी मांडून ठेवल्यासारखी. शेजारी पाठीवरच्या बॅगा, जेवणाचे डबे, भिंतीवरची घड्याळं. प्रत्येक वस्तूवर तुमच्या भागातल्या त्या गणराजभाऊंचा हात जोडलेला फोटो. डब्याच्या झाकणावरसुद्धा. म्हणजे माणूस भुकेला होऊन डबा उघडणार आणि आधी हे दर्शन.

मी विचारलं, तर वर्षाली म्हणाली, "रक्तदान शिबिरात देतात ना, ताई. हे जातात सारखे."

सारखे कसे जातात? पिंपरीच्या कंपनीत पर्सोनेल खात्यात मी उभा जन्म नोकरी केली. शिबिरं मीच भरवायची. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा घेत नाहीत, हे मला शिकवू नका. म्हणजे तू रक्तबिक्त देत नाहीस. तू त्या भाऊंचा कार्यकर्ता झाला आहेस आणि वाटून उरलेलं घरी आणतोस. तळवड्याच्या चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या गर्दीत तुझं तोंडही मी पाहिलं. टोमॅटोसारखं लाल दिसत होतं. मला वाटलं छापणाऱ्याची चूक असेल, पण संक्रांतीला तू इथे आलास तेव्हा खरंच तसा होतास. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, भावाच्या तोंडावर काय तेज आलंय. मला ते तेज वाटलं नाही. एक जिना चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडावर तेज नसतं. त्यानंतर तू खुर्चीत बसल्या बसल्या असा घोरलास की मलासुद्धा ऐकू आलं.

आपले बाबा तुझ्याच वयाचे होते. "छातीत जरा धरल्यासारखं वाटतंय," एवढं बोलून शिफ्टला गेले आणि गेटवरूनच त्यांना परत आणलं. त्यांनीही कुणाला काही सांगितलं नव्हतं. काय चाललं आहे ते मला खरं लिही.

तुझी ताई
विजयश्री

*

चाकण,
१३ फेब्रुवारी

ती. ताई,

सा. नमस्कार. पत्र वाचताना वाटलं की तू पर्सोनेलमधून रिटायर झालीच नाहीस, फक्त मेमो घरून पाठवायला लागलीस.

मी कुणाचा कार्यकर्ता नाही. शिबिरात जातो आणि रक्तच देतो, आईची शपथ. पुण्याचं काम आहे म्हणून जातो. हेल्मेट ते जबरदस्तीने हातात देतात, नको म्हटलं तर फोटोवाला थांबतो आणि मागे रांग खोळंबते. त्या फ्लेक्सवर माझा फोटो कुणी टाकला, मलाही माहीत नाही. तोंड लाल होणारच ना, दिवसभर हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर असतो.

घोरणं वंशपरंपरागत आहे. तू स्वतःला ऐकत नाहीस म्हणून तुला माहीत नाही.

डोक्यातल्या गाठीच्या ऑपरेशननंतर आता एकदम ओके आहे. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलमध्ये मला पाहिलं होतंस ना? आता जिमला जातो. तिथला विक्की मला काका म्हणतो पण वजन पोरांएवढं लावतो. बी-ट्वेल्वचं इंजेक्शन चालू आहे, त्याने उत्साह राहतो. काळजी करू नकोस. चाकण चौकातली गर्दी सरली की येऊन जाईन. म्हणजे बहुधा पुढच्या जन्मी.

तुझा
निरंजन

*

चाकण,
३ मार्च

ती. ताईंना वर्षालीचा नमस्कार.

मी पत्र लिहितेय याचं तुम्हाला नवल वाटेल. यांच्यासमोर फोनवर बोलता येत नाही आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोललं तर शेजारच्या शालनबाईंनाही कळेल.

यांचं बी-ट्वेल्वचं इंजेक्शन म्हणजे बी-ट्वेल्व नाही. स्कूटरची डिकी साफ करताना खोका मिळाला. चष्मा लावून नाव वाचलं, मग मोबाईलवर शोधलं. टेस्टोस्टेरॉन आहे, ताई. पुरुषांचं हार्मोन. जिममधली मुलं दंड फुगवायला घेतात ते. त्याने हार्ट अटॅक येतो असंही तिथे लिहिलं होतं.

मी यांना काही विचारलं नाही. आमच्यात तसं बोलणं राहिलेलं नाही. ऑपरेशननंतर हे माझ्याकडे पाठ करूनच झोपायचे. मी समजले की वय झालं, मुलगी लग्न होऊन गेली, आता असंच. मग वर्षभरात एकदम बदलले. केस काळे केले, जिम लावली, शर्ट बदलले. आता तुम्हीच सांगा, बाईने काय समजायचं? झोपेत घोरता घोरता श्वास थांबतो यांचा. मी हलवते, मग परत चालू होतो. या माणसावर मी चिडू की याला हलवत बसू?

तुमचं ऐकतील. माझं नाव सांगू नका.

वर्षाली

*

निगडी,
७ मार्च

निरंजन,

पुण्याचं काम म्हणे. आईची शपथ म्हणे.

तू टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतोस ते मला कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस. त्रेपन्न वर्षांचा घोडा, मुलगी सासरी गेलेली, आणि तुला पौरुषाची सुई टोचून घ्यायची हौस आली? कोणाला दाखवायचे आहेत दंड? भट्टीला?

आपल्या घरात पुरुष कशाने जातात ते तुला माहीत आहे. बाबा गेले, काका गेले. त्यांना निदान कारण कळलं नव्हतं. तू तर पैसे देऊन, दंडात भरून मरण विकत घेतो आहेस, तेसुद्धा एका विक्की नावाच्या माणसाच्या सल्ल्याने. त्याच्याकडून मी चप्पलसुद्धा विकत घेणार नाही.

ते इंजेक्शन आजपासून बंद. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

विजयश्री

*

चाकण,
१५ मार्च

ताई,

बंद केलं. या आठवड्यात घ्यायचं होतं, घेतलं नाही. आता तरी पुढचं शांतपणे वाच.

इंजेक्शन मला विक्कीने दिलेलं नाही. ज्यांनी ऑपरेशननंतर मला हातात घेतलं त्या हार्मोनच्या डॉक्टरांनी दिलेलं आहे, थेरगावच्या. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. गाठ काढताना ती अर्धी निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, वरून ऑर्डर येत नाही म्हणून खालचं प्रॉडक्शन बंद. मला कारखान्याच्या भाषेत सांगितलं की कळतं हे त्यांना ठाऊक आहे.

त्या दिवसांत मी कसा होतो ते तुला माहीत नाही, कारण मी तुझ्याकडे यायचंच टाळलं. सकाळी बूट घालायला खाली बसलो की उठावंसं वाटायचं नाही. एक बूट हातात घेऊन बसून राहायचो. कॅन्टीनमध्ये भाजी संपली म्हणून डोळ्यांत पाणी आलं, उद्धवराव समोर बसले होते, त्यांनी मान खाली घालून जेवण संपवलं. हाडंही ठिसूळ व्हायला लागली होती. वर्षालीकडे पाठ करून झोपायचो कारण तोंड करून काय सांगणार होतो? ती कधी काही बोलली नाही, त्याने जास्तच लाज वाटायची. बी-ट्वेल्व म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. अर्ध्या चाकणला बी-ट्वेल्व कमी आहे.

इंजेक्शनने मी माणसात आलो. मिस्टर चाकण व्हायला निघालो नव्हतो.

आता हेल्मेटांचं. या औषधाने रक्त दाट होतं. तांबड्या पेशी वाढतात. गेल्या वर्षी रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आकडा पुढे सरकलाय, अजून वाढला तर डोस कमी करावा लागेल, नाहीतर हृदयाला धोका. मला धोका ऐकू आलाच नाही. मला डोस कमी एवढंच ऐकू आलं, आणि हातात बूट घेऊन बसलेला मी दिसलो. जिममध्ये मी नुसतं विचारलं होतं, रक्त दाट झालं तर काय करतात. विक्की म्हणाला, "काका, सोप्पंय. रक्तदान करा. आकडा खाली येतो. आमची सगळी पोरं करतात."

खाली आला की. मग प्रत्येक टेस्टच्या आधी मी शिबिर शोधायला लागलो. आपल्याकडे शिबिरांना काय तोटा? भाऊंचा वाढदिवस, दादांचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन, पुलाचं उद्घाटन. आज भोसरी तर उद्या मोशी. मागची तारीख कुणी विचारली तर जुनी सांगायची. औषध चालू आहे का, तर नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणायचे, छान, आहे तोच डोस ठेवू. आणि मी हेल्मेट घेऊन घरी. बूट जड वाटायला लागला की पुढचं इंजेक्शनही काही दिवस आधीच घ्यायचो.

म्हणजे रक्त देतो ही शपथ खरी होती.

चार दिवस झाले इंजेक्शन चुकवून. तू म्हणालीस म्हणून. वर्षालीला यातलं काही सांगू नकोस.

निरंजन

*

निगडी,
२० मार्च

प्रिय निरंजन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना यंत्र काढून ठेवलं, कारण बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं आणि मला कुठलाही आवाज नको होता.

"बंद कर" म्हटलं ते मी मागे घेते. मी डॉक्टर नाही. बरं, तूही नाहीस, आणि तो विक्की तर नाहीच. आपण तिघांनी मिळून तुझ्या एका हृदयावर जो काही कारभार चालवला आहे, तो थांबवायला हवा. पुन्हा सुरू करायचं की नाही, किती करायचं, हे डॉक्टरांनी ठरवू दे, पण त्यांना खरं माहीत असल्यावर. आता त्यांच्या हातात जो रिपोर्ट आहे तो तुझा नाहीच. तो गणराजभाऊंच्या शिबिराचा आहे.

रक्तपेढीशी खोटं बोललास त्याबद्दल मी वेगळी रागावलेली आहे. ते रक्त कुणाला तरी चढतं. तो राग मी राखून ठेवते, तू बरा झालास की काढीन.

वर्षालीला मी सांगणार नाही. तू सांग. ती तुझ्याबद्दल जे समजून बसली आहे ते खऱ्यापेक्षा पुष्कळ वाईट आहे, एवढंच लिहिते. पाडव्याच्या आत डॉक्टरांची वेळ घे. मी बरोबर येते.

आणि भाजीसाठी रडलास त्याची लाज बाळगू नकोस. आपल्या कंपन्यांच्या कॅन्टीनमधल्या भाजीला कुणीतरी कधीतरी रडायला हवंच होतं.

ताई

*

चाकण,
१६ एप्रिल

ती. ताई,

नमस्कार. परवा सुमनताईंना फोन करून निरोप दिला होता, पण तेवढ्यात सगळं सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते. हे आता घरी आहेत आणि झोपले आहेत.

डॉक्टरांकडे जाऊ, जाऊ करत पाडवा गेला. रविवारी गणराजभाऊंचा वाढदिवस होता. मार्केट यार्डाजवळ मोठा मांडव घातला होता. सगळ्यांत जास्त वेळा रक्त दिलं म्हणून यांना "रक्तवीर" म्हणून फेटा, शाल, श्रीफळ देणार होते. मला म्हणाले, तूही चल. इतक्या दिवसांनी कुठे चल म्हणाले, म्हणून मी चांगली साडी नेसून गेले.

सत्काराआधी पुन्हा एकदा रक्त द्यायचं होतं, फोटोसाठी. तिथल्या सिस्टरने ब्लडप्रेशर बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचं घेता येणार नाही, फार वाढलंय." तिने डोळ्याखालची पापणीही ओढून बघितली. हे तिच्याशी हुज्जत घालायला लागले. "अहो, मी इथला रक्तवीर आहे, आणि माझंच घेत नाही म्हणता?" मागची पोरं हसायला लागली. तेवढ्यात माईकवर नाव पुकारलं. हे स्टेजवर गेले, फेटा बांधून घेतला, शाल घेतली आणि नारळ हातात घेऊन खालीच बसले. लोकांना वाटलं पाया पडतायत. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी धावले तर म्हणाले, "छातीत मासा तडफडतोय गं."

हॉस्पिटलमध्ये सांगितलं की अटॅक नाही. ठोके बिघडले होते, ताल सोडून पळत होते. औषधाने संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आले. सारखं सारखं रक्त देऊन अंगातलं लोह पार संपलंय म्हणाले. डोक्यावर फेटा तसाच होता, मी काढला. तेव्हा यांनी मला सगळं सांगितलं. बूट हातात घेऊन बसायचे तेसुद्धा.

ताई, मला इंजेक्शनाचा राग आला नाही. मी एवढी वर्षं समजत होते की यांना मी नकोशी झाले. आणि हे समजत होते की मला कळलं तर हे मला नकोसे होतील. दोघंही एकाच पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

मीही सांगून टाकलं की डिकीतला खोका मला मिळाला होता आणि तुम्हाला मीच लिहिलं होतं. म्हणाले, "वाटलंच मला. ताईला टेस्टोस्टेरॉनचं स्पेलिंग कुणी सांगितलं असणार?"

पंचवीस तारखेची थेरगावच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्ही याच.

वर्षाली

*

चाकण,
२९ एप्रिल

ती. ताई,

सा. नमस्कार. शुक्रवारी डॉक्टरांकडे तू आलीस आणि जे झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू दाराकडे पाठ करून बसली होतीस. बाकीचं अर्धं मी सांगतो.

मी हळू आवाजात सगळं कबूल केलं. शिबिरं, तारखा, लवकर घेतलेली इंजेक्शनं, मग एकदम बंद केलेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "निरंजनराव, मी वर्षभर दुसऱ्याच माणसावर उपचार करत होतो." इथपर्यंत ठीक होतं. मग तू विचारलंस, "काय म्हणाले?"

डॉक्टरांनी आवाज चढवला. "म्हटलं, टेस्टोस्टेरॉन त्यांना लागणार आहे." तू म्हणालीस, "काय लागणार आहे?" तिसऱ्यांदा ते असे ओरडले की बाहेर टोकन वाटणाऱ्या बाईंनी दार उघडून पाहिलं, आणि मग दार उघडंच राहिलं. पुढचं सगळं अख्ख्या वेटिंग रूमने ऐकलं. तू विचारत होतीस आणि ते गर्जत होते.

"मग याने हार्ट बंद पडतं का?"

"ज्याला खरी कमतरता आहे, त्याने मोजून घेतलं आणि लक्ष ठेवलं तर सहसा नाही. न सांगता घेतलं, जास्त घेतलं, आकडे लपवले, तर काहीही होऊ शकतं."

"आणि रक्त देऊन आकडा उतरवला तर?"

"पाण्याच्या टाकीचा काटा हाताने खाली ओढल्यासारखं आहे ते, बाई. टाकी भरतच राहते."

"मग तुम्ही डोस आधीच का नाही कमी केलात?"

"मला काटा खालीच दिसत होता ना."

त्यावर तू त्यांना म्हणालीस, "पेशंट एवढा लाल दिसत होता ते तुम्हाला दिसलं नाही का? मला फ्लेक्सवरून दिसलं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. विचारायला हवं होतं." मला त्यांची दया आली.

ठरलं ते वर्षालीने नीट लक्षात ठेवलंय. एकदम मोठा डोस नाही, छोटा छोटा आणि दर आठवड्याला, आणि तोही हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. ब्लडप्रेशरची गोळी. लोहाची गोळी. झोपेत श्वास थांबतो त्यानेही रक्त दाट होतं म्हणे, तर त्याची तपासणी करून नाकाला लावायचं मशीन. जिम चालेल, पण विक्कीच्या हिशेबाने नाही. रक्तदान, ते स्वतः सांगतील तेव्हाच, एरवी नाही.

आता तू न ऐकलेलं. आपण बाहेर आलो तेव्हा मी मान वर केली नाही. बाकावरची सगळी माणसं आपल्याकडे बघत होती. तू ताठ मानेने पुढे गेलीस, वर्षाली तुझ्यामागे. तेवढ्यात कुणीतरी माझी बाही धरली. उद्धवराव. आमच्याच शॉपमधून रिटायर झालेले, कॅन्टीनमध्ये मान खाली घालून जेवलेले. मला वाटलं आता कंपनीभर होणार.

म्हणाले, "निरंजन, मलाही तेच सांगितलंय रे डॉक्टरांनी. वर्ष झालं. मी आपला डायबेटिसची औषधं न्यायला येतो असं घरी सांगतो. घेऊ का सुरू?"

मी म्हटलं, "घ्या की नका घेऊ, ते त्यांना ठरवू द्या. पण त्यांना सगळं खरं सांगा. आणि शिबिराला जाऊ नका."

म्हणाले, "मला भाऊंचं घड्याळ मिळालंय गेल्या महिन्यात."

ताई, मी त्या वेटिंग रूममध्ये उभा राहून हसलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा असं हसलो असेन.

तुझा
निरंजन

*

चाकण,
२४ नोव्हेंबर

ती. ताई,

सा. नमस्कार. वाढदिवसाच्या शुभेच्छा पोचल्या, बरोबरचा मेमोही पोचला.

रिपोर्ट आला. कुठेही रक्त न देता आलेला आहे, खराखुरा माझा. आकडा जागेवर आहे. ठोके ताळ्यावर आहेत, पुन्हा पळाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "ही भेट माझी आणि तुमची पहिलीच समजा." मशीन लावून झोपतो, वर्षाली म्हणते पाणबुड्या शेजारी झोपल्यासारखं वाटतं, पण तीही आता सलग झोपते. पाणबुड्याचं तोंड तिच्याकडे असतं.

बूट हातात घेऊन बसायचा तो प्रसंग अजून अधूनमधून येतो. खोटं कशाला सांगू? डोस कमी झाल्याचं जाणवतं. तशा सकाळी वर्षाली समोर येऊन बसते आणि दुसरा बूट हातात देते. मग मी घालतो.

परवा भाऊंची पोरं सोसायटीत आली होती. पार्किंगमध्ये दहा माणसं उभी. "काका, रविवारी शिबिर आहे. रक्तवीर पाहिजेतच."

मी म्हटलं, "मला चालत नाही. मी टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनवर आहे."

एकाने विचारलं, "म्हणजे जिमवालं?"

"नाही. डॉक्टरवालं."

"बरं बरं," म्हणाला, आणि शेजारच्या माणसाकडे वळला. बस, एवढंच झालं. यासाठी मी एवढी वर्षं बी-ट्वेल्व म्हणत होतो.

हेल्मेटं वर्षालीने कंपनीच्या गेटवर नव्या ट्रेनी पोरांना वाटून टाकली. भाऊंच्या फोटोवर आधी रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे फोटोही दिसत नाही आणि गाडी अंधारात दिसते. एकच उरलंय.

ताई, बाबांचं जे वय झालंच नाही, त्या वयाचा मी झालो. सकाळी आरशात बघताना वाटलं, यापुढचा चेहरा कसा असतो हे आपल्या घरात कुणाला माहीतच नाही.

तुझा
निरंजन

*

निगडी,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. निरंजन,

यावेळीही आशीर्वाद आधीच देते. या खेपेला शेवटपर्यंत पुरतील.

तुझं पत्र सुमनताईंना वाचून दाखवलं. तुझ्या परवानगीशिवाय. त्यांनी "टेस्टोस्टेरॉन" हा शब्द दोनदा विचारला आणि मी दोनदा मोठ्याने सांगितला. आमच्या गॅलरीखालून जाणारा पेपरवालाही थांबला. आता प्राधिकरणातही सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इकडे येताना चेहरा पाडून येऊ नकोस.

तू आता बाबांपेक्षा वयाने मोठा झालास. म्हणजे यापुढे तुझ्यावर रागावताना मला थोडा विचार करायला हवा. विचार करून झाला. रिपोर्टमधलं सगळं लिहिलंस, कोलेस्टेरॉलचं एक अक्षर नाही. पोटाचा घेर कुठे आहे? चालायला जातोस की नुसते बूट घालून बसतोस? आणि रक्तपेढीशी खोटं बोललास त्याचा राखून ठेवलेला राग माझ्याकडे अजून जसाच्या तसा आहे. भेटलास की देईन.

चेहऱ्याचं म्हणशील तर तो पुढे कसा होतो ते मी सांगते. माझ्यासारखा होतो. लाभ समज.

पुढच्या तपासणीला मी येणारच आहे. रिक्षावाले चाकणच्या बाजूला यायला तोंड वाकडं करतात, तेव्हा तू स्कूटर घेऊन मला न्यायला ये. ते उरलेलं हेल्मेट माझ्यासाठी ठेव. त्यावर पट्टी चिकटवू नकोस, भाऊंचा फोटो मागच्या बाजूला राहू दे, मला तो दिसणार नाही.

फक्त एक. हेल्मेट घालायचं तर मला कानातलं यंत्र काढावं लागेल, म्हणजे वाटेत तू काय बोलशील ते मला ऐकू येणार नाही. तरी बोल. तुझ्या पाठीला हात लावून बसेन, मला कळेल.

तुझी
ताई